पापांची नोंद ठेवणारे ॲप : चार महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

रोज रात्री नऊ वाजता माझ्या फोनवर एक प्रश्न उमटतो : आज तुम्ही कुठे घसरलात? गेले चार महिने मी या प्रश्नाला रोज, म्हणजे जवळजवळ रोज, उत्तर देत आलो आहे आणि उत्तर देता देता जे लक्षात आले ते येथे मांडत आहे. ख्रिस्ती माणसाला रोजच्या आयुष्यात पापाशी झगडताना आधार मिळावा, त्याने आपले वागणे तपासावे आणि हळूहळू नीतिमत्त्वात वाढावे, या हेतूने हे ॲप बनवल्याचे त्याच्या परिचयात म्हटले आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. या जातीची ॲप आता बरीच आहेत आणि त्यांचा साचाही साधारण एकच आहे; शिवाय माझी मुख्य तक्रार एखाद्याच्या कारागिरीबद्दल नसून, ही ॲप बनवणाऱ्यांनी न तपासता गृहीत धरलेल्या एका गोष्टीबद्दल आहे.

कारागिरी चांगलीच आहे. ॲप अडकत नाही, जाहिराती दाखवत नाही, इंटरनेट नसतानाही नोंद करून घेते. याबाबत याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

सुरुवातीला आपल्यासमोर एकवीस पापांची यादी येते आणि त्यांतून जास्तीत जास्त पाच निवडायला सांगितले जाते. ही मर्यादा मला आवडली, कारण सगळ्याच आघाड्यांवर एकदम लढायला निघालेला माणूस आठवडाभरात हात टेकतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. मी राग, असूया, खोटे बोलणे, प्रार्थनेतील आळस आणि निंदा ही पाच निवडली. यादीचे मूळ जुने आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिला सात मुख्य पापांचे रूप दिले. तीच मांडणी या ॲपमध्ये रंगीत चित्रांसह अवतरली आहे. मात्र वाटेत काहीतरी सांडले आहे. इव्हाग्रियस त्यांना पापे म्हणत नव्हता, विचार म्हणत होता, आणि विचार मनात यावा की न यावा हे आपल्या हाती नसले तरी त्याला मनात मुक्काम करू द्यायचा की नाही हे आपल्या हाती आहे, असा त्याचा आग्रह होता. ॲपमध्ये हा भेद करण्याची सोयच नाही. दिवसभर एखाद्याबद्दल असूया दाराशी येऊन उभी राहिली आणि दिवसभर मी तिला परतवून लावले, तर रात्री त्या दिवसाची नोंद कशी करायची? ॲपमध्ये प्रत्येक घसरणीसाठी त्या पापाच्या ओळीवर एक ठिपका द्यायचा असतो. ठिपका द्यावा तर मी पडलेलो नाही. न द्यावा तर त्या दिवसाची सगळी झुंज, जी माझ्या मते त्या आठवड्यातील सर्वांत महत्त्वाची घटना होती, कोठेच उरत नाही. मोह होणे म्हणजे पाप करणे नव्हे, हे तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने खुद्द ख्रिस्ताबाबत स्पष्ट केले आहे : सर्व बाबतींत आपल्यासारखीच त्याची परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला.

यादीतील दुसरी उणीव मला उशिरा जाणवली. एकवीसही पापे करण्याची आहेत, न करण्याचे एकही नाही. याकोबाचे पत्र म्हणते की, चांगले काय ते कळत असून जो ते करत नाही त्याला ते पाप आहे. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात डावीकडे उभे केलेल्यांवर जो आरोप ठेवला जातो तो कोणाला लुटल्याचा नाही, तर भुकेल्याला खायला न दिल्याचा आणि आजाऱ्याला न भेटल्याचा आहे. ज्या दिवशी मी दिवसभर खोलीत बसून कोणाच्याही वाटेला गेलो नाही, तो दिवस ॲपच्या लेखी स्वच्छ, पांढरा शुभ्र असतो. स्वतःची नोंद घालण्याची एक जागा आहे. तेथे मी ‘बोलायला हवे होते तेव्हा गप्प राहिलो’ असे लिहून ठेवले. त्यानंतर सर्वाधिक ठिपके त्याच ओळीवर पडले.

ठिपक्यांची ही पद्धतही ॲपवाल्यांची नव्हे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात, ज्याला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, एकेका दोषाच्या निर्मूलनासाठी नेमकी हीच रीत सांगितली आहे : सकाळी उठताच संकल्प करायचा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर तपासणी करायची, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेषेवर मांडायचे, आणि मग दुपारची रेषा रात्रीच्या रेषेशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. प्रत्येक घसरणीच्या क्षणी छातीला हात लावावा, म्हणजे चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता खेद व्यक्त करता येतो, अशी बारीक सूचनाही त्यात आहे. ॲपमध्ये छातीऐवजी पडद्याला बोट लावायचे असते, एवढाच फरक, असे पहिल्या आठवड्यात मला गमतीने वाटले होते.

फरक त्याहून बराच मोठा आहे. त्याच पुस्तकात रोजच्या सर्वसाधारण आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत : आधी मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार, मग आपली पापे ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना, मग तासातासाने मनाचा हिशेब, मग क्षमायाचना आणि शेवटी देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. ॲप थेट तिसऱ्या पायरीवर सुरू होते आणि तेथेच संपते. पहिल्या दोन पायऱ्या वगळल्यामुळे हिशेब कोणासमोर चालला आहे हेच हरवते. आभार मानून झाल्यावर स्वतःची पापे पाहणे आणि दिवसभराच्या थकव्यानंतर नऊच्या ठोक्याला, कोणाचेही आभार न मानता, ती पाहणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीत माणूस बापापुढे उभा असतो, दुसरीत आरशापुढे. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मी स्वतःबद्दल भरपूर विचार करत होतो आणि देवाबद्दल अगदी थोडा, हे मला एका रविवारी उपासनेत बसलेला असताना उमगले.

आता मुख्य तक्रार. पडद्याच्या मध्यभागी एक मोठा आकडा असतो : निवडलेल्या पापावाचून सलग किती दिवस गेले. माझ्या रागाच्या ओळीवर तो आकडा तेवीसपर्यंत पोहोचला होता. सातव्या दिवशी एक पदक, चौदाव्या दिवशी दुसरे आणि एकविसाव्या दिवशी ‘तुम्ही जिंकत आहात’ असा अभिनंदनाचा संदेश आला होता. चोविसाव्या दिवशी संध्याकाळी मी पत्नीवर एका क्षुल्लक कारणावरून ओरडलो, रात्री प्रामाणिकपणे ठिपका दिला, आणि तेवीसचा आकडा डोळ्यांदेखत शून्य झाला. नंतर जे घडले ते लिहायला संकोच वाटतो, परंतु ते लिहिले नाही तर हा अभिप्राय अपुरा राहील. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओरडलो, आणि ओरडताना मनाच्या कोपऱ्यात एक विचार स्पष्ट होता की आकडा तर आधीच शून्य आहे, आता आणखी काय जाणार. पुढच्या खेपेस, आकडा अकरावर असताना, मी आवाज चढवला आणि रात्री स्वतःशी वाद घातला की आवाज चढणे म्हणजे राग नव्हे. ठिपका दिला नाही. म्हणजे आकडा वाचवण्यासाठी मी त्या ॲपशी खोटे बोललो, आणि ‘खोटे बोलणे’ ही माझ्या यादीतील तिसरी ओळ होती. तिच्यावरही ठिपका दिला नाही.

या शून्यात एक अख्खे धर्मशास्त्र दडलेले आहे आणि ते ख्रिस्ती नाही. नीतिमत्त्व म्हणजे न पडण्याची अखंड रांग, ती आपल्या इच्छाशक्तीने उभारायची आणि एकदा तुटली की मागचे सारे पुसले जाते, हे त्याचे सार. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस आणि त्याच्या अनुयायांनी माणूस आपल्या बळावर पापरहित जगू शकतो असे शिकवले, उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी त्याविरुद्ध पुस्तकांमागून पुस्तके लिहिली आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती शिकवण नाकारली. (पेलाजियस स्वतः अत्यंत काटेकोर, शिस्तीचा माणूस होता. त्याला हे ॲप आवडले असते.) योहानाच्या पहिल्या पत्रात, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःलाच फसवतो, हे वाक्य आणि पापे कबूल केल्यास क्षमा व शुद्धी मिळते, हे वाक्य एकमेकांना चिकटून आहेत, पहिल्याचा धाक आणि दुसऱ्याचा दिलासा वेगळा काढता येत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल, जे करू इच्छितो ते करत नाही आणि ज्याचा द्वेष करतो तेच करतो, अशी कबुली देतो. ते बोलणे ख्रिस्ताकडे येण्यापूर्वीच्या माणसाचे की आलेल्या माणसाचे, यावर भाष्यकारांचे आजही एकमत नाही, पण ज्याने एखाद्या दोषाशी वर्षभर झुंज दिली आहे त्याला तो आवाज ओळखीचा वाटतो. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात तर नीतिमान माणूस सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो, असे म्हटले आहे. म्हणजे त्या पुस्तकात नीतिमान हे विशेषण पडणाऱ्यालाच लावलेले आहे. उठण्याची नोंद घेणारा आकडा ॲपमध्ये कोठेही नाही, आणि तो असता तर चोविसाव्या दिवसाची गोष्ट वेगळी झाली असती, असे मला वाटते.

पदकांबद्दलही दोन शब्द. एकविसाव्या दिवशीच्या त्या संदेशाखाली ‘मित्रांना कळवा’ असे बटण होते. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि मिळकतीचा दशांश देतो असे देवाला सांगतो. तो खोटे बोलत होता, असे दृष्टांतात कोठेही म्हटलेले नाही. त्याचे आकडे बहुधा बरोबरच होते. मी ते बटण दाबले नाही, पण त्यावर बोट काही क्षण रेंगाळले होते.

इतके लिहूनही मी ॲप काढून टाकले नाही, त्याची कारणे आहेत आणि पहिले कारण भक्कम आहे. प्रत्येक ठिपक्यासोबत वेळ नोंदली जाते. दोन महिन्यांनंतर ‘वेळेनुसार पाहा’ हा भाग उघडला तेव्हा माझ्या रागाचे बहुतेक ठिपके संध्याकाळी घरी पोहोचल्यानंतरच्या पाऊण तासात गर्दी करून बसलेले दिसले. शिवाय त्यांतील बऱ्याच दिवशी दुपारी असूयेच्या ओळीवरही ठिपका होता. मी आजवर माझ्या रागाला तापट स्वभाव म्हणत आलो होतो. त्या आलेखासमोर ती सबब टिकली नाही. दुपारी कोणाचे कौतुक झाले की मी संध्याकाळी घरच्यांकडून मान वसूल करायला जात होतो, आणि तो मिळाला नाही की भडकत होतो. पाप माणसाच्या आतून, अंतःकरणातून निघते, हे मार्काच्या सातव्या अध्यायातील वचन मला लहानपणापासून पाठ होते, पण आतून म्हणजे नेमके कोठून, याचा पत्ता मला या आलेखाने दिला. कोणता विचार केव्हा येतो, केव्हा ओसरतो आणि कोणाच्या पाठोपाठ कोण येतो, यावर पाळत ठेवावी, असा सल्ला इव्हाग्रियसने दिला होता. त्या कामासाठी हे साधन खरोखर उपयुक्त आहे. आता मी घरात शिरण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर थांबतो आणि ज्याचा हेवा वाटला त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करतो. ती प्रार्थना सुरुवातीला दात-ओठ खात होत असे. अजूनही काही दिवशी तसेच होते.

दुसरे कारण म्हणजे ‘सोबती’ नावाची सोय. आपण निवडलेल्या एका व्यक्तीला दर शनिवारी आपला गोषवारा जातो. एकमेकांजवळ पापे कबूल करावीत आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी, या याकोबाच्या सूचनेचाच हा एक प्रकार आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ सालच्या डिसेंबरात आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले, तेव्हा दर आठवड्याच्या भेटीत विचारायचे प्रश्नही ठरवून दिले होते. त्यांत मागच्या भेटीनंतर कोणती पापे घडली, हा प्रश्न होताच, पण कोणते मोह आले आणि त्यांतून सुटका कशी झाली, हेही विचारायचे असे. ॲपच्या गोषवाऱ्यात पहिल्या प्रश्नाचेच उत्तर असते. माझे सोबती आमच्या चर्चमधील एक वयस्कर गृहस्थ आहेत. मी त्यांना काका म्हणतो. पहिले तीन शनिवार त्यांनी गोषवारा पाहून काहीच कळवले नाही. चौथ्या शनिवारी त्यांचा फोन आला. म्हणाले, “अरे, हे तांबडे ठिपके दिसले मला. पण ज्यांच्यावर ओरडलास, त्यांची क्षमा मागितलीस का? त्याचा ठिपका कुठला?” त्याचा ठिपका नव्हता. तोपर्यंत तो असायला हवा हे माझ्याही मनात आले नव्हते.

मला वाटते, ॲपमधील ही सर्वांत गंभीर उणीव आहे. त्याच्या लेखी पाप ही माझी आणि माझ्या आकड्याची खाजगी बाब आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस चित्रातच नाही. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करून यावे. जक्कय या जकातदाराने पश्चात्ताप केला तेव्हा त्याने आपल्या लुबाडणुकीची नोंद ठेवायला सुरुवात केली नाही. ज्याला लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे वचन दिले. रात्री ठिपका दिला की मन हलके होत असे, आणि ते हलके झाल्यामुळेच शेजारच्या खोलीत जाऊन पत्नीशी बोलण्याची निकड उरत नसे. ठिपक्याने कबुलीची जागा बळकावली होती.

खाजगीपणाबाबत सावध राहा, एवढेच सांगतो. ॲपला कुलूप लावता येते, परंतु नोंदी दूरच्या सर्व्हरवर जातात आणि अटींच्या लांबलचक पानांत ‘सेवा सुधारण्यासाठी’ त्या इतर संस्थांना देण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा पापकबुली अनिवार्य केली, तेव्हा त्याच नियमात कबुली फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर प्रायश्चित्तासाठी कडक शिस्तीच्या मठात धाडावे, असेही लिहिले होते. कंपन्यांना कोणी मठात धाडत नाही. नावे, ठिकाणे आणि इतरांची गुपिते टिपणात लिहू नयेत.

हे ॲप कोणी घेऊ नये, याबद्दलही मला सांगायचे आहे. ज्यांचे मन मुळातच शंकेखोर आहे, प्रत्येक विचारात ज्यांना पाप दिसते आणि क्षमा मिळाल्यावरही जे पुन्हा पुन्हा तेच उकरत बसतात, त्यांनी यापासून दूर राहावे. तरुण मठवासी असताना मार्टिन ल्यूथर आपली कबुली ऐकणाऱ्या श्टाउपिट्झ यांच्यासमोर तासन्तास पापे सांगत बसत, बाहेर पडल्यावर एखादे राहिल्याचे आठवले की पुन्हा परतत, आणि इतकी कसून झाडाझडती घेऊनही त्यांना शांती मिळत नव्हती. अशा माणसाच्या हाती ठिपके मोजण्याचे यंत्र देणे म्हणजे खाज सुटलेल्याला खरखरीत कापड देण्यासारखे आहे. तसेच ज्यांची झुंज व्यसनाशी आहे त्यांना जिवंत माणसाची आणि उपचाराची गरज असते. शून्यावर आलेला आकडा त्यांच्यासाठी धोक्याचा ठरू शकतो.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी अडीच देईन : वेळेच्या आलेखासाठी एक, सोबतीच्या सोयीसाठी एक आणि जाहिराती नसल्याबद्दल अर्धा. सलग दिवसांचा आकडा बंद करता येतो. ती कळ सेटिंगमधील ‘मुखपृष्ठ’ या भागात अगदी तळाशी आहे आणि मला ती तिसऱ्या महिन्यात सापडली. नवीन वापरकर्त्यांनी ती पहिल्याच दिवशी बंद करावी. नऊची सूचनाही मी साडेदहावर नेली आहे, म्हणजे आधी आभाराची प्रार्थना होते आणि मग फोन हाती येतो. क्षमा मागितल्याची खूण म्हणून मी टिपणात ‘क्ष’ एवढेच अक्षर लिहितो, कारण टिपणांत शोध घेण्याची सोय आहे आणि महिनाअखेरीस ती अक्षरे एकत्र पाहता येतात. गेल्या महिन्यात रागाच्या ओळीवर अकरा ठिपके आहेत आणि ‘क्ष’ सात. उरलेल्या चारांपैकी दोघांना आज संध्याकाळी फोन करायचा आहे. तिसऱ्याचा क्रमांक काकांकडून मिळवावा लागेल, आणि चौथा ठिपका कोणाबद्दलचा होता हे मला आता आठवत नाही.